‘राजीनामा’वर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण घाईघाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असा हा विषय नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडणं, आणि हिंदीत हा शब्द नाहीच, तिकडे इस्तीफा म्हणतात. त्यावर तुम्ही म्हणता की तुम्ही इंदूरला वाढलात, तिथे कोर्टात रोज राजीनामे होतात, म्हणजे दोन्ही पार्ट्या तडजोड करतात आणि केस मिटते, तोच या शब्दाचा खरा अर्थ आहे, मराठी माणसाने तो न समजता भलतीकडे लावला आणि आता पेपरवाल्यांनी तरी त्यागपत्र लिहायला सुरुवात करावी.

‘हिंदीत नाहीच’ हे माझं वाक्य चूक होतं. लेखात दुरुस्त केलंय. तुमचं वाचल्यावर ऑफिसमधल्या कानपूरच्या एका मित्राला मराठी पेपरचा मथळा दाखवला, ‘मंत्र्याचा राजीनामा’, तर तो लगेच म्हणाला, “अच्छा, किससे हुआ?” त्याला वाटलं कोणाशी तरी भांडण होतं ते मिटलं. तेव्हा त्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण ‘न समजता लावला’ हे मला अजिबात पटत नाही.

शब्द बघा ना. राजी हा मूळचा अरबी, म्हणजे खूश असलेला, संमती असलेला, आणि नामा फारसी, म्हणजे लेख, कागद, जसा करारनामा, जाहीरनामा. ‘मी राजी आहे’ असं लिहून दिलेला कागद एवढंच त्या शब्दात आहे, कशाला राजी ते त्यात कुठेच नाही. भांडण मिटवायला राजी असाल तर तडजोड, हक्क सोडायला राजी असाल तर सोडचिठ्ठी. तुमच्याकडे पहिलं रुजलं, आमच्याकडे दुसरं.

आणि दुसरं कसं रुजलं असावं ते मला आमच्याच घरातल्या एका कागदात दिसलं. पणजोबांच्या वेळचा जमिनीचा फेरफार आहे, घड्यांवर फाटलेला, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय ‘राजीनामा-कबुलायत’. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, खातेदार थेट सरकारला सारा भरायचा, आणि त्याला जमीन नको असेल तर मामलेदाराला लेखी कळवून ती सोडता यायची, 1879 च्या जमीन महसूल कायद्यात तसं कलमच होतं, 74 वं. जुन्या खातेदाराने सोडल्याचं लिहून द्यायचं तो राजीनामा, आणि नव्या खातेदाराने सारा भरायचं कबूल करायचं ती कबुलायत. म्हणजे स्वखुशीने, लेखी, आपल्या नावावरचं काहीतरी सोडणं! जमिनीच्या जागी खुर्ची ठेवा, आजचा अर्थ समोर उभा राहतो. तिथूनच तो आला हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, पण माझा विश्वास त्यावरच आहे. आणि आपण एकटे आहोत असंही नाही, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ सगळीकडे राजीनामा म्हणजे पद सोडणंच.

याच शब्दाचं सख्खं भावंड म्हणजे आपली रजा. हिंदी-उर्दूत रज़ा म्हणजे मर्जी, संमती, आणि आपल्याकडे ‘दोन दिवस रजेवर आहे’. साहेबाने संमती दिली की माणूस घरी, म्हणून ती संमती हीच सुट्टी झाली, आणि ‘बरं, आता रजा घेतो’ म्हणून आपण उठतो तेव्हा जुना अर्थ अजून त्यात जिवंत असतो. मला हे फार सुंदर वाटतं, दोन दिवसांसाठी जायचं तरी आणि कायमचं जायचं तरी मराठीत मूळ एकच, राजी असणं. हिंदीवाल्यांनी इस्तीफा घेतला त्याचं मूळ तर माफीशी आहे, ‘मला यातून मोकळं करा’ अशी विनंती. मग तिथेही कोणी म्हणेल का, की खरा अर्थ माफी मागणं आहे, तुम्ही चुकताय?

त्यागपत्राबद्दल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करून घेतला हा तुमचा दाखला मला मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे, पुढे सावरकरांनी रुजवलेले दिनांक वगैरे शब्दही मी स्वतः रोज वापरतो. पण मराठीत त्याग या शब्दाला वजन आहे. आईने मुलांसाठी केला तो त्याग. पगार जास्त मिळतो म्हणून कंपनी बदलणाऱ्या पोराने सहा ओळींचा ईमेल पाठवला त्याला त्याग म्हटलं तर तो शब्द हलका होतो, आणि राजीनाम्यातला ‘मी माझ्या मर्जीने जातोय’ हा भाव जातो तो वेगळाच. कित्येकांकडून राजीनामा दडपणाखाली लिहून घेतात तेव्हा आपल्याला जे खुपतं ते याच भावामुळे, कारण त्या कागदावर ‘राजी’ लिहिलेलं असतं आणि माणूस राजी नसतो.

एक मात्र नक्की सांगा. इंदूरच्या मराठी घरांत, आपसात बोलताना, कोणी नोकरी सोडली की काय म्हणतात? बाहेर राजीनामा म्हणजे तडजोड असताना घरातला राजीनामा टिकलाय, की तिथेही इस्तीफाच आलाय? मला खरंच जाणून घ्यायचंय.