एकच कोअर पुरतो का? अमळनेरच्या गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

जळगाव-धुळ्याला कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी जुना (सेकंडहँड) लॅपटॉप घेताना एका कोअरचा घेऊ नये, निदान दोन कोअरचा पाहावा, असं मी लिहिलं होतं. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग; एक कोअर एका क्षणी एकच काम हाताळतो. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्याकडचा सेलेरॉन ९०० (इंटेल कंपनीचा स्वस्तातला प्रोसेसर) एकाच कोअरचा, पण २.२ गिगाहर्ट्झ वेगाचा आहे. हिशेब, टायपिंग, मेल सगळं त्यावर बिनतक्रार चालतं. दुकानदार नातवासाठी दाखवतोय तो सेलेरॉन एन ४०२० दोन कोअरचा असला तरी १.१ गिगाहर्ट्झचाच. दोन मरतुकड्या बैलांपेक्षा एक धडधाकट बैल बरा. वर दोन कोअर म्हणजे दुप्पट ताप, तो आपल्या उन्हाळ्यात कसा निभावणार? आणि शेवटी, असा सल्ला देऊन मी शेतकऱ्याच्या पोराला नसत्या खर्चात पाडतोय. हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा लॅपटॉप तुम्हाला पुरतो, हे खरंच आहे. तुम्ही टाइप करता तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ पुढच्या अक्षराची वाट पाहत बसलेला असतो. दहा प्रोग्रॅम उघडे असले आणि दहाही वाट पाहणारे असले, तर एक कोअर त्या सगळ्यांना काही मिलिसेकंदांच्या पाळ्या देत आरामात सांभाळतो. उघडे प्रोग्रॅम मोजून काही कळत नाही. एकाच वेळी खरोखर राबणारी कामं किती, ते पाहावं लागतं.

आता नातवाचा दिवस बघा. ब्राउझरमध्ये ऑनलाइन लेक्चर चालू आहे. समोरून येणारा व्हिडिओ उलगडायचा आणि स्वतःचा कॅमेरा चालू असेल तर त्याचं चित्र दाबून पाठवायचं, हे काम सतत चालतं. जुन्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्सला आजच्या व्हिडिओचे बरेच प्रकार उलगडता येत नाहीत, त्यामुळे तो भारही प्रोसेसरवरच पडतो. मागे अँटीव्हायरसची तपासणी आणि विंडोजचं अपडेट. त्यातच महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ लहान करायची. इथे वाट पाहणारं कोणी नाही, सगळे राबणारे आहेत. अशा वेळी एका कोअरवर नुसता वेग कमी होत नाही, लॅपटॉप हातातून सुटतो. माउस अडखळतो, अक्षर उशिरा उमटतं, लेक्चरचा आवाज तुटतो. दुसरा कोअर असला की एक काम पूर्ण जोरात चालू असतानाही समोरच्या माणसाचं ऐकायला कोणीतरी मोकळं राहतं. मी दोन कोअरचा आग्रह धरला तो यासाठी.

तुमच्याच प्रोसेसरचं उदाहरण घेऊ. सेलेरॉन ९०० बाजारात आला २००९ मध्ये. त्याच वर्षी सेलेरॉन टी ३००० हा दोन कोअरचा, १.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसरही आला. दोघांचा वंश एक, कॅश मेमरी (प्रोसेसरमधलीच छोटी, जलद मेमरी) दोघांतही १ एमबी, म्हणून ही तुलना रास्त आहे. एकच प्रोग्रॅम चालवला आणि तो एकाच कोअरवर चालणारा असला, तर तुमचा ९०० साधारण २२ टक्के पुढे राहील. तिथे तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण राबणारी कामं दोन झाली की ९०० वर प्रत्येकाच्या वाट्याला १.१ गिगाहर्ट्झइतकी ताकद येते, आणि पाळी बदलताना थोडी वायाही जाते. टी ३००० वर प्रत्येकाला अख्खा १.८ चा कोअर मिळतो. कॅश आणि मेमरीचा रस्ता दोघांना वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी होतो, पण राहतो तो हाताला जाणवण्याइतका.

बैलांचं म्हणाल, तर औताला जुंपलेली जोडी एकच औत ओढते. एक मरतुकडा निघाला की दुसराही अडतो. एकच काम दोन कोअरमध्ये वाटायचं असेल तेव्हा हे लागू पडतं. कामाचा जो भाग वाटताच येत नाही, तोच शेवटी वेगाला मर्यादा घालतो, हा संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा. ‘बरीच सॉफ्टवेअर एकच कोअर वापरतात’ ही तक्रारही त्याच जातीची. पण लेक्चर आणि अँटीव्हायरस ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायचंच नाही, एक या कोअरवर, दुसरं त्या कोअरवर.

एन ४०२० चा १.१ हा आकडा त्याचा किमान भरवशाचा वेग आहे. गरज पडली की तो २.८ पर्यंत चढतो. शिवाय वेगवेगळ्या घराण्यांच्या प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही. २००३ मध्ये लॅपटॉपसाठी आलेला इंटेलचा पेंटियम एम बऱ्याच कमी गिगाहर्ट्झवर चालून त्यांच्याच पेंटियम ४ च्या बरोबरीने काम करायचा, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकायचा (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, एवढंच).

उष्णतेचा मुद्दा मात्र तुम्ही काढलात ते फार बरं झालं. लॅपटॉपबद्दलचे बहुतेक सल्ले एसीच्या खोलीत बसून दिलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. पण कोअर वाढले ते उष्णतेमुळेच, हे लक्षात घ्या. पेंटियम ४ चा वेग वाढवत वाढवत इंटेल ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली आणि तिथे अडली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार म्हणून जाहीर झाला होता, तो २००४ मध्ये रद्द करावा लागला. जानेवारी २००६ मध्ये लॅपटॉपसाठी कोअर ड्युओ आला, तो वेगाची शर्यत सोडून दोन कोअर घेऊनच.

याचं गणित साधं आहे. प्रोसेसरची उष्णता त्याच्या वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं. समजा दोन्ही २० टक्के कमी केले, तर उष्णता ०.८ गुणिले ०.६४, म्हणजे जवळजवळ निम्मी होते. तशा दोन कोअरची मिळून उष्णता आधीच्या एका कोअरइतकीच, काम मात्र दीडपटीहून जास्त. म्हणूनच तुमच्या एका कोअरच्या ९०० ची उष्णतेची मर्यादा ३५ वॅट आणि दोन कोअरच्या टी ३००० चीही ३५ वॅटच. एन ४०२० दोन कोअर असून ६ वॅटचा आहे. आपल्या उन्हाळ्यात कमी तापणारा यातला कोणता, ते आकडेच सांगतात.

खोली तापलेली असली की कोणताही प्रोसेसर हाल सोसतोच. पंख्यामागची धातूची जाळी ७५ अंशांवर आहे असं धरा. खोली ३० अंशांची असेल तर उष्णता बाहेर जायला ४५ अंशांचा फरक मिळतो. पत्र्याच्या खोलीत ४५ अंश असतील तर फरक ३० चाच उरतो, म्हणजे उष्णता काढून टाकण्याची ताकद एक-तृतीयांशाने घटली. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतो. दुपारी लॅपटॉप मंद चालतो आणि पहाटे तोच बरा चालतो, याचं कारण अनेकदा हेच असतं. त्यात आपल्याकडची धूळ. म्हणून चैत्राच्या आधी पंखा साफ करून घ्यावा, जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता धातूकडे नेणारा लेप) बदलून घ्यावी, आणि गोधडीवर ठेवून तो कधीही चालवू नये. खालची हवा कोंडली की कोअर एक असो वा चार, उपयोग नाही.

आता खर्चाचं. एक कोअरवाला लॅपटॉप चार-पाच हजारांत मिळतो म्हणून घेतला, तर तो पैसा मला वाया गेलेला दिसतो. विंडोज ११ ची अधिकृत अटच किमान दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीची आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार (कंपनीची मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शेतकऱ्याच्या घरात वर्षातून एकदा हातात येणारा पैसा अशा यंत्रात घालू नये, एवढंच मला म्हणायचं होतं.

त्याच कारणासाठी, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्त, संथ साठवण) असलेला एन ४०२० सुद्धा नातवाला घेऊ नका. दोन कोअर आहेत, पण त्यात रॅम बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान हलवू लागतं, आणि ईएमएमसी त्यात फार मागे पडते. ऑफिसांमधून निघालेले, इंटेलचे आठव्या पिढीचे आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेले लॅपटॉप शोधा. त्या पिढीच्या ‘यू’ अक्षराच्या आय-थ्रीमध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) असतात, आय-फाइव्हमध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा खूप जलद साठवण) असावी. दुकानात टास्क मॅनेजर उघडायला सांगा. ‘परफॉर्मन्स’मध्ये कोअर किती ते दिसतं. तिथेच व्हिडिओ लावून पंधरा मिनिटं चालू द्या आणि प्रोसेसरवर भार असतानाही वेगाचा आकडा किमान वेगाच्या खाली घसरतो का, ते बघा.

तुमचा ९०० मात्र मोडीत काढू नका. त्यात एसएसडी बसवून हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं, तर तुमची कामं तो अजून करील. आणि नातवासाठी दुकानदार आणखी जे लॅपटॉप दाखवील, त्यांच्या खालच्या स्टिकरवरचे मॉडेल नंबर इथेच लिहा. रॅम वाढवता येते का आणि एसएसडी बसते का, ते बघून प्रत्येकाचं सांगतो.