तीन मिनिटांची फिल्म करू नका, तीस सेकंदांची करा

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या शेवटच्या सत्राच्या प्रोजेक्टबद्दल माझं एक ठाम मत आहे, रागावू नका. गोष्ट मोठी घेतलीत की फिल्म अर्धवट राहणार. यात हुशारी कमी पडत नाही, गणित कमी पडतं.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, जातात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, म्हणजे 'टूज'वर काम केलं, तर सेकंदाला १२ चित्रं. तीस सेकंदांची ३६० झाली. रफ (कच्चं चित्र), क्लीनअप (त्यावर स्वच्छ रेषा) आणि रंग मिळून एका चित्राला अर्धा तास धरा (नवशिक्याला हा कमीच पडतो), म्हणजे १८० तास. रोज चार तास बसलात तर ४५ दिवस. आता तीन मिनिटांसाठी याला सहाने गुणा आणि सत्र किती आठवड्यांचं आहे ते कॅलेंडरवर बघा.

म्हणून जागा एक, पात्रं दोन, घटना एक. समजा, गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, आजी काठी घेऊन राखणीला बसलीय आणि कठड्यावर कावळा आहे. एवढ्यात तीस सेकंद आरामात भरतात. दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं करताना लोकांना काय दाखवलं होतं? कुंडीत उगवणारा वाटाणा, थोडा थोडा टिपलेला. एक कुंडी पुरली.

आता क्रम. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटगणिक गोष्टीची कच्ची चित्रं, सगळेच करतात, कारण त्याला मार्क असतात. ॲनिमॅटिक, म्हणजे त्याच चित्रांची आवाजासकट कच्ची फिल्म, मात्र उरकून टाकतात, आणि माझ्या मते फिल्म तिथेच बनते किंवा बिघडते. बोर्डची चित्रं टाइमलाइनवर टाका, खाली कच्चा आवाज ठेवा. फोनवर स्वतः बोललेला आवाजही चालेल. मग ती ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला दाखवा. कुठे काय झालं ते त्याला कळलं नाही, तर तो शॉट आत्ता बदलायला दहा मिनिटं लागतात. क्लीनअपनंतर आठवडा जातो. ॲनिमॅटिक पक्कं होईपर्यंत रंगांच्या पॅलेटला हातसुद्धा लावू नका.

पक्का आवाजसुद्धा चित्रांच्या आधी. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटाच्या दारात किंवा डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

ओठांच्या हालचालींचे जे तयार तक्ते मुलं डाउनलोड करतात, ते इंग्रजी बोलण्यासाठी बनवलेले असतात. आपल्या आजीचं वाक्य घ्या: "मेल्या, परत आलास?" इथे 'म' आणि 'प' ला ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम. हे चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही डबिंग केल्यासारखं दिसतं. 'आ' ला जबडा खाली. मधल्या 'र', 'त'साठी वेगळं तोंड काढायची गरज नाही, अर्धवट उघडं चालतं. आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलू द्या, नंतर हललेलं डोळ्याला लगेच खटकतं.

आता कावळ्याची झडप. आधी फक्त की पोझ, म्हणजे हालचालीतल्या मुख्य स्थिती, काढा: बघतोय, दबा धरलाय, चोच कुरडईवर. दबा धरायला सहा फ्रेम, म्हणजे तीन चित्रं, आणि त्यातलं शेवटचं आणखी चार फ्रेम थांबवा. झडप फक्त दोन फ्रेम. तिथे एकच ताणलेलं, लांबट चित्र काढा. ते एकटं बघितलं तर विचित्र दिसेल, दिसू द्या. मग चोच कुरडईवर आठ फ्रेम स्थिर. नेहमीची चूक अशी की तिन्ही पोझच्या मध्ये सारख्या अंतरावर चार-चार इनबिटवीन (मधली चित्रं) भरतात, आणि मग कावळा पाण्यात पोहल्यासारखा सरकतो. ओनियन स्किन (आधीची-नंतरची चित्रं फिकट दाखवणारी सोय) लावून बघा: हालचाल सुरू होताना आणि संपताना चित्रं जवळजवळ हवीत, मधे विरळ.

आजी बराच वेळ नुसती बसलेली आहे, तिथे चित्रं वाचवा. पण एकच चित्र तीन सेकंद धरलंत तर ती फोटोसारखी मेल्यागत दिसते. तीच पोझ तीनदा गिरवा आणि ती तीन चित्रं आळीपाळीने फिरवा. रेषा किंचित थरथरते, आजी जिवंत राहते. मधे एकदा पापणी लववा.

सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात महिना घालवू नका. ओपनटूंझ, क्रिटा, ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल, सगळी फुकट आहेत. ओपनटूंझचं मूळ सॉफ्टवेअर जपानच्या स्टुडिओ घिब्लीने वापरलेलं आहे, २०१६ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. एक निवडा आणि टॅबलेटचं बटण हाताला बसेपर्यंत बदलू नका.

रंग भरताना दोन गोष्टी हमखास होतात. रेषेत बारीक फट राहते आणि आजीच्या नऊवारीचा रंग आख्ख्या गच्चीवर सांडतो. आणि रेषेच्या कडेला पांढरी किनार उरते. पहिल्यासाठी फट बुजवण्याची सेटिंग असते, दुसऱ्यासाठी भरलेला रंग एक-दोन पिक्सेल वाढवून रेषेखाली सरकवा. रेषा आणि रंग वेगळ्या लेयरवर असतील तरच हे जमतं.

कॅमेरा हलवायचा मोह आवरा. कॅमेरा दर फ्रेमला सरकतो आणि पात्र दर दोन फ्रेमला, त्यामुळे पात्र पार्श्वभूमीवर थडथडतं. हलवायचाच असेल तर तेवढा शॉट 'वन्स'वर काढा, दर फ्रेमला नवं चित्र, म्हणजे दुप्पट चित्रं. नको ना? मग कॅमेरा स्थिर ठेवा.

रेंडर, म्हणजे तयार फिल्म, सॉफ्टवेअरमधून थेट व्हिडिओत काढू नका. पीएनजी चित्र-फाइलींची मालिका काढा, नावात चार आकडे ठेवून: ०००१, ०००२. मशीन ४१२व्या फ्रेमला बंद पडलं तर तिथूनच पुढे चालू करता येतं. एडिटिंगची टाइमलाइनही २४चीच हवी. ती ३०वर राहिली तर दर सेकंदाला सहा फ्रेम दोनदा दिसतात आणि हालचाल अडखळते. मग मुलं आपल्याच चित्रांत चूक शोधत बसतात.

आणि कावळा कुरडई घेऊन उडाला, आजीने काठी खाली ठेवली, की लगेच पडदा काळा करू नका. तिला अजून दोन सेकंद तशीच बसू द्या. त्याला एकही नवीन चित्र लागत नाही.