‘घरगुती ग्राहकाला वकील कशाला? भुर्दंड आपल्यालाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दरवाढीची बातमी आली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: घरगुती वीजग्राहकांची बाजू मांडायला पगारी वकील-तज्ज्ञ नेमा ही मागणी म्हणजे पांढरा हत्ती पोसणं आहे. वीज नियामक आयोग ग्राहकांसाठीच आहे, सुनावणी सगळ्यांना खुली आहे, तक्रारीला लोकपाल आहे, आणि नेमलेल्या माणसाचा खर्च शेवटी आपल्याच बिलात येणार.

ऐकायला पटतं. पैशाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

महावितरण दर ठरवून घ्यायला आयोगापुढे जाते तेव्हा तिच्याबरोबर वकील असतात, सल्लागार असतात. त्यांची फी कोण देतं? ती ‘प्रशासकीय व सर्वसाधारण खर्च’ या सदरात जाते, तिथून वर्षाच्या महसुली गरजेत, म्हणजे वर्षभरात ग्राहकांकडून वसूल करायच्या एकूण रकमेत, आणि तिथून दरात. बिल हातात घेऊन बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. ‘समोरच्या वकिलाची फी’ अशी ओळ कुठे दिसणार नाही, पण ती आपण भरतोच. भुर्दंडाची एवढी काळजी असेल तर ती इथूनही करायला हरकत नाही.

आता आपल्या वकिलाचा हिशेब. महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. प्रत्येकाकडून वर्षाला एक रुपया धरला तरी दोन कोटी होतात. कंपनीची वर्षाची महसुली गरज एक लाख कोटींच्या पुढे आहे. म्हणजे लाखाला दोन रुपये. यात एक वकील, दोन-तीन अभियंते आणि हिशेब जाणणारी चार माणसं आरामात बसतील.

सुनावणी खुली आहे, हे खरंच. नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असा तिचा दौरा होतो आणि कुणीही उठून बोलू शकतं. पण काय बोलणार? मराठीत मिळतो तो गोषवारा. मूळ याचिका इंग्रजीत, शेकडो पानांची, सोबत तक्त्यांचे गठ्ठे, आणि लेखी हरकतीला साधारण तीन आठवडे. निवृत्त गृहस्थ फुगलेलं बिल घेऊन उभे राहतात, रीडिंगबद्दल पोटतिडकीने बोलतात. आदेशात ‘नोंद घेतली’ असं छापून येतं. त्यांच्यामागून उद्योगांचा माणूस उठतो आणि वीजखरेदीच्या सरासरी दरातली तफावत अमुक तक्त्यात आहे म्हणून दाखवतो. आदेशात उत्तर द्यावं लागतं ते त्याला.

आकड्यांत शिरणारा माणूस असला की काय होतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मीटर नसलेल्या शेतीपंपांनी किती वीज वापरली हे मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधतात. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी आपोआप कमी दिसते. बुडालेली वीज शेतकऱ्याच्या नावावर पडते. नव्वदच्या दशकात वीज मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत सांगायचं. १९९९ मध्ये आयोग आला, दरासाठी आकडे चारचौघांत मांडावे लागले, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासू संस्थांनी ते उलटेपालटे तपासले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. हे काम घोषणा देऊन झालेलं नाही. आकडेमोड येणाऱ्या माणसांनी महिनोन् महिने बसून केलं. अशा संस्था मुळात आहेत किती? त्यांचा खर्च देणग्यांवर आणि प्रकल्पांच्या निधीवर चालतो, आणि वीज हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक असतं.

‘आयोग ग्राहकांसाठीच आहे’ हे अर्धसत्य. वीज कायदा २००३चं कलम ६१ आयोगाला ग्राहकहित जपायला सांगतं, आणि त्याच दमात विजेचा खर्च वाजवी रीतीने वसूल होऊ द्यायलाही सांगतं. आयोग पंच आहे. पंचाने एका बाजूने खेळायचं नसतं. म्हणून तर कलम ९४(३) ग्राहकांतर्फे बोलायला प्रतिनिधी नेमण्याची मुभा देतं. महाराष्ट्रात सुरुवातीपासून असे प्रतिनिधी होते ते चार: प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूरची उद्योजक संघटना आणि विदर्भातली उद्योजक संघटना. चारांतल्या दोन उद्योगांच्या! त्यांनी आपलं काम चोख केलं, त्यात गैर काही नाही. पण क्रॉस सबसिडी, म्हणजे उद्योगांना जादा दर लावून इतरांचे दर कमी ठेवणं, कमी करा असं उद्योग म्हणतात तेव्हा तो बोजा सरकणार कुणाकडे? तिथे उद्योजक संघटना तुमच्या घराचा मीटर सांभाळेल ही अपेक्षाच चुकीची.

शिवाय काम सुनावणीला संपत नाही. २८ मार्च २०२५ला आयोगाने पाच वर्षांचा दर आदेश दिला, १ एप्रिलपासून लागू. महावितरणच्या अर्जावर २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला, नवे दर १ जुलैपासून. इतक्या झटपट हलायला कायम नेमलेली माणसं लागतात. अपील करायचं तर विजेचं अपील न्यायाधिकरण दिल्लीत, मुदत ४५ दिवस.

लोकपालाचं उत्तर एका ओळीत होतं: तो तुमच्या बिलाची तक्रार ऐकतो, दर ठरवत नाही.

एक शंका मात्र मला रास्त वाटते. सरकारने नेमलेला माणूस सरकारी कंपनीशी भांडेल का? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात घरगुती ग्राहकांसाठी असं कार्यालय १९७६पासून आहे. पैसा येतो तो कंपन्यांवरच्या आकारणीतून, पण किती द्यायचा हे विधिमंडळ ठरवतं. २०११ मध्ये तिथे ती रक्कम जवळपास निम्म्यावर आणली गेली. इथे तर महावितरणची मालकीच सरकारकडे. त्यामुळे हा निधी राज्याच्या अर्थसंकल्पातून नको आणि नेमणूक ऊर्जा विभागाकडे नको. रक्कम पाच वर्षांच्या दर आदेशातच बांधून टाकावी, म्हणजे मधेच कुणाला कात्री लावता येणार नाही. सध्याचा आदेश मार्च २०३०पर्यंत आहे. पुढची याचिका त्याच्या आधीच दाखल होईल, आणि तिच्यावर हरकत लिहायला पुन्हा तेवढेच तीन आठवडे असतील.