टेस्ट राइड घेणाऱ्या सूज्ञांसाठी काही मौलिक सूचना

तुम्हाला माउंटन बाइक घ्यायची आहे. अभिनंदन! ती तुम्ही घेणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि दुकानदारालाही, पण टेस्ट राइडला पैसे पडत नाहीत, त्यामुळे रविवारी सकाळी साडेसहाला हजर राहायला काय हरकत आहे? मागच्याच रविवारी पुण्यातल्या एका दुकानाने एका टेकडीच्या पायथ्याशी डेमो सायकली आणून ठेवल्या होत्या. स्मॉल, मीडियम, लार्ज, प्रत्येकी एक. तिथे मला जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवण्यासारखं नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, सायकल चालवायची नाही. उचलायची. लग्नात आहेराचं भांडं हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात, तशी वरच्या नळीखाली दोन बोटं घालून उचलायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "साडेनऊ असेल." आजूबाजूचे मान डोलावतात. मग दुसरा उचलतो, तो म्हणतो, "छे, दहाच्या वर आहे." झालं, वीस मिनिटं गेली. रेसची कार्बन हार्डटेल, म्हणजे मागच्या चाकाला धक्के शोषणारं सस्पेन्शन नसलेली सायकल, नऊ-दहा किलोच्या घरात असते हे खरं आहे. कंपनी ते वजन बहुतेक वेळा पेडल न लावता सांगते हेही खरं आहे. पण हा तपशील काढून रंगाचा बेरंग करू नका. त्याच सायकलवर पाण्याच्या दोन बाटल्या, पंप, ट्यूब, कुलूप आणि मोबाइलचा स्टँड चढवून आपण निघणार आहोत याचाही उच्चार नको. आणि कुणी तुमचं स्वतःचं वजन विचारलंच, तर विषय ताबडतोब चाकांकडे वळवावा.

हेल्मेट गाडीतच राहू द्या. ते फोटोच्या वेळी लागतं.

आता चाकं. इथे नवख्यांची फार चूक होते. ते आधी सायकल चालवतात आणि मग मत बनवतात. मत घरून बनवून आणायचं असतं. मापं तीन, २६, २७.५ आणि २९ इंच, यातलं एक निवडा आणि उरलेल्या दोघांना आयुष्यभर तुच्छ लेखा.

२६ घेतलंत तर तुम्ही जुनेजाणते. "आमच्या वेळी याच चाकांवर सगळं केलं" हे वाक्य पाठ करून ठेवा. हे माप आलं कुठून, हे विचारणाऱ्याला हसा. कारण ते कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या, जाड टायरच्या जडशीळ श्विन कंपनीच्या सायकली माउंट टॅमलपाइसच्या उतारावरून सोडायची. १९७६ मध्ये त्यांनी रीतसर शर्यतच सुरू केली. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव रिपॅक. त्या भंगार सायकलींना २६ ची चाकं होती, म्हणून माउंटन बाइकला २६ ची चाकं. बास, एवढंच शास्त्र. पण ते सांगून एखाद्या काकांचा सकाळ-सकाळ हिरमोड कशाला करायचा?

२९ घेतलंत तर तुम्ही आधुनिक. मोठं चाक दगडाला कमी उभ्या कोनात भिडतं, म्हणून अडखळण्याऐवजी वरून निघून जातं, आणि एकदा घेतलेला वेग टिकवतं, हे हातवारे करत सांगा. मोठं चाक थोडं जड असतं, थांबून पुन्हा निघताना जास्त जोर मागतं, हे दुसऱ्या पक्षाला सांगू द्या. तिथे एक रोडवाले, म्हणजे डांबरी रस्त्यावरची रेसिंग सायकल चालवणारे, सद्गृहस्थ होते. २९ ला ते "बैलगाडीची चाकं" म्हणत होते. त्यांच्या स्वतःच्या ७०० सी चाकाच्या रिमचं, टायर बसतो तिथलं, माप ६२२ मिलिमीटर. २९ च्या रिमचंही ६२२ मिलिमीटर. हे मी त्यांना सांगितलं नाही. सूज्ञ माणूस सांगत नाही.

आणि २७.५ घेतलंत तर तुम्ही समन्वयवादी, दोन्हींतलं उत्तम घेणारे. हे माप नावावरून बरोबर मध्यावर दिसतं. रिम मोजल्या तर २६ ची ५५९, २७.५ ची ५८४ आणि २९ ची ६२२ मिलिमीटर भरते. म्हणजे धाकट्यापासून २५ मिलिमीटर लांब आणि थोरल्यापासून ३८. फ्रेंच टुरिंग सायकलींचं हे जुनं ६५० बी माप, नवं नाव घेऊन परत आलंय. पण मध्यममार्गी माणसाला मध्य कुठे आहे हे दाखवायला जाऊ नये, त्याला राग येतो.

वाद विझायला लागला की लंडन ऑलिंपिक काढा. २०१२, हॅडली फार्म, पुरुषांची क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटेवरची माउंटन बाइक शर्यत. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी २९ वर पहिला, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५ वर दुसरा, दोघांत एका सेकंदाचं अंतर. या एका सेकंदावर लोक अजून जेवतायत. "बघा, २९ जिंकलं!" "अहो, पण २७.५ फक्त एका सेकंदाने हरलं!" त्या दोघांपैकी कुणालाही दूधवाल्याची सायकल दिली, कॅनसकट दिली, तरी टेकडीच्या पायथ्याशी जमलेल्या आपल्या सगळ्या मंडळाला तो चढावर मागे टाकेल, हा मुद्दा गौण आहे. पुढे शुर्टर स्वतःच २९ वर गेला, क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत आता जवळजवळ सगळेच २९ वर आहेत, आणि उतारवाल्यांनी तर पुढे २९ मागे २७.५ लावून दोन्ही पक्षांची पंचाईत करून ठेवली आहे, हेही गौण. वाद मिटला तर रविवारी आपण करायचं काय?

पण या वादाचं खरं सौंदर्य मला दिसलं ते एका मुलीमुळे. उंची पाच फूट एक-दोन इंच असेल. स्वतःचं हेल्मेट, स्वतःचे ग्लोव्ह्ज, पिशवीत स्वतःची पेडलं. तिने साधा प्रश्न विचारला, "माझ्या उंचीला २९ जमेल का? वळताना पायाचा चवडा चाकाला लागतो का?" उत्तम प्रश्न. काही कंपन्या याच कारणासाठी छोट्या फ्रेमला अजून २७.५ ची चाकं देतात. याचं उत्तर एकच होतं, "बसून बघ." पण तसं सांगितलं तर तज्ज्ञ कसले! पाच पुरुष तिच्याभोवती उभे राहिले. एकाने कोन समजावला. दुसऱ्याने जडत्व. तिसऱ्याने, तिने विचारलं नसताना, तिच्यासाठी "लेडीज फ्रेम" सुचवली. चौथ्याने मोबाइलवर आलेख काढला. पाचवा नुसताच "एक्झॅक्टली" म्हणत होता. आणि हे चालू असताना ती स्मॉल साइजची सायकल कुठे होती? तर सहा फुटांचे एक गृहस्थ, गुडघे कानाला लावून, पार्किंगमध्ये तिच्यावर गोल-गोल फिरत होते. कारण लार्ज दुसऱ्या कुणीतरी नेली होती आणि त्यांना "चाकाचा फील" घ्यायचा होता. डांबरावर. सपाट डांबरावर! टेकडी पन्नास पावलांवर, मुरूम तिथे, सुटे दगड तिथे, पावसाने खोदलेल्या घळी तिथे, आणि हे पार्किंगमध्ये फील घेतायत.

असो. राग आवरतो. सूचना पुढे चालू.

पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे विचारू नका. उतारावर आपोआप कळतं.

टायरमधली हवा बघू नका. डेमोच्या टायरमध्ये पन्नास पीएसआय ठासून भरलेली असते. सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला साधारण पंचविशीच्या आसपास पुरते हे माहीत असूनही गप्प राहा, आणि खड्ड्यावर सायकल उसळली की जाहीर करा, "२९ फार उड्या मारतं." फोर्कचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यांचा, लॉकआउट लावून, म्हणजे त्यांचं दबणंच बंद करून, पूर्ण फेरी मारा आणि परत येऊन सस्पेन्शन कडक असल्याची तक्रार करा. बसल्यावर फोर्क एकूण जेवढा दबू शकतो त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा दबायला हवा, म्हणून आधी वजनानुसार त्यात हवा कमी-जास्त करायची असते. पण त्याला शॉक पंप लागतो. तीन लाखांची सायकल टेम्पोत घालून आणणाऱ्या दुकानाने शॉक पंप आणला नव्हता. "सर, फॅक्टरी सेटिंग आहे," असं तिथला मुलगा म्हणाला. कुठल्या फॅक्टरीत, कुणाच्या वजनाचं?

सीटची उंचीही बदलू नका. आधीच्या माणसाने लावलेली उंची तुम्हाला चालते, नाहीतर चाकाचं माप आहेच दोष द्यायला.

किंमत विचारा. मग म्हणा, "एवढ्यात तर बुलेट येते." दुकानदाराने हे याआधी कधी ऐकलेलं नसतं.

फोटो काढताना सायकल डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नाजूक यंत्रणेच्या, बाजूवर आडवी टाका.

आणि सगळं झाल्यावर, साइज पक्की कळल्यावर, दुकानदाराचा चहा पिऊन झाल्यावर, घरी जाऊन दोन हजार स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवा. खोकं आलं की जोडायला त्याच दुकानात न्या. तो तोंड वाकडं करेल. "आजकाल सर्व्हिसच राहिली नाही हो," असं त्याच्याच दुकानात उभं राहून म्हणा.

आता पुरे झालं. हसत-हसत सांगायचं ठरवलं होतं, पण जमत नाही.

उतरा त्या सायकलवरून. मीडियम घेऊन गेलेल्या तुम्हालाच म्हणतोय. तुम्ही दहा मिनिटं म्हणून नेलीत, मध्येच वाटेत मित्र भेटला म्हणून सायकलला टेकून चाकांवर प्रवचन झोडत बसलात, आणि तुमच्या मागे उभी असलेली माणसं तासभर तुमचं परत येणं बघत होती. माझी पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि दुकानवाल्यांनी आवरायला घेतलं होतं. माझं जाऊ द्या. ती मुलगी खरोखर विकत घ्यायला आली होती, त्या अख्ख्या गर्दीत बहुधा ती एकटीच. साडेनऊला ती पेडलं पिशवीत परत टाकून निघून गेली, आणि तुम्ही पाच जण तिच्यामागे "पुढच्या वेळी नक्की २७.५ बघ हं" म्हणून ओरडत होतात. लाज वाटत नाही?

आणि उतारावर मागचं चाक घसटत, धूळ उडवत खाली येणारे वीर. टेकडी तुमच्या एकट्याची नाही. पहाटे काठी टेकत चढणारे आजोबा तुमच्यामुळे कडेच्या काटेरी झुडपात उतरले. त्यांच्याजवळ थांबून "सॉरी काका" म्हणायलाही तुमच्या हलक्या सायकलला ब्रेक लागला नाही. अशाने उद्या टेकडीवर सायकलबंदीची पाटी लागली, की तुम्हीच सगळ्यात आधी सह्यांची मोहीम काढाल.

दुकानवाल्यांनीही ऐकून घ्यावं. एक वही ठेवा. नाव, साइज, वेळ लिहा. हेल्मेट नाही तर सायकल नाही, एवढं सांगायची हिंमत ठेवा. हवा प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे करून द्या, सीट वर-खाली करून द्या. पार्किंगमध्ये फिरणाऱ्याला हाताला धरून पायवाटेवर सोडा. तुम्ही सायकली विकायला आलात ना? मग त्या चालवायला तरी द्या.

आणि बाकीच्यांनी, एक चढ, एक उतार, दोन वळणं, एवढं करून सायकल पुढच्याच्या हातात द्यायची. गप्प. कोन, जडत्व, लंडनचं ते एक सेकंद, जे काय बोलायचंय ते पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बोला. तिथे दुपारपर्यंत बसलात तरी कुणाची पाळी अडत नाही.