‘दोन मिनिटांचं काम, लावला एक दिवस, वर ग्रेडही गेली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमच्या कार्डाचे फोटो आणि व्हिडिओ पुन्हा नीट बघायचे होते. बाकीचे लोकही हे वाचतील, म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. बेकेट ही कंपनी कार्डाची अवस्था तपासून दहापैकी ग्रेड देते आणि कार्ड लेबलसकट प्लास्टिकच्या बंद केसमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, बसवते. अशा स्लॅबमधलं, ८.५ ग्रेडचं, पोकेमॉन बेस सेटचं होलो (चकचकीत चित्राचं) ब्लास्टॉईज कार्ड तुम्ही जुलैमध्ये आमच्याकडे स्लॅब फोडून काढायला दिलंत. यूट्यूबवर हे काम दोन मिनिटांत होताना दिसतं, आम्ही एक दिवस ठेवून घेतलं आणि पाचशे रुपये लावले. पुढे ते कार्ड तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवलंत आणि ८ घेऊन परत आलं. म्हणजे काढताना आम्हीच ते खराब केलं, असं तुमचं म्हणणं. शिवाय रिकामी केस आम्ही परत दिली नाही आणि लेबलचा कोपरा कापला.

९ मिळेल म्हणून एवढा खर्च करायचा आणि हातात ८ पडायचं, याचं वाईट वाटणारच. १९९९ चं कार्ड आहे, आणि तुम्ही ते किती जपलंय ते काउंटरवर ठेवतानाच दिसत होतं. पण ते आमच्याकडे खराब झालेलं नाही. का, ते सांगतो.

सुरुवात लेबलपासूनच करू. तुमच्या लेबलवर एकूण ग्रेडबरोबर चार वेगळे आकडे छापलेले होते: सेंटरिंग (छपाई मधोमध आहे का) ९, कॉर्नर्स (कोपरे) ९, सरफेस (पृष्ठभाग) ९ आणि एजेस (कडा) ८. कडांमध्ये कमी आहे हे बेकेटने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. आता आमचा पहिला फोटो बघा, स्लॅबला हात लावायच्या आधी दिवा तिरका धरून काढलेला. मागची बाजू, डावीकडची खालची कड. निळी शाई उडून तिथे खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसतो, आणि त्याच्या वर, त्याच कडेला, एक बारीक पांढरी रेघ. याला आपण व्हाइटनिंग म्हणतो. पोकेमॉन कार्डांची पाठ गडद निळी, त्यामुळे कड जरा घासली तरी आतला पांढरा कागद डोकावतो. कार्ड बाहेर काढल्यानंतरच्या फोटोत तोच ठिपका आणि तीच रेघ तेवढीच आहे. हे दोन्ही फोटो त्याच संध्याकाळी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते, ते अजून तिथे असतील.

आणखी एक. आमचं हत्यार स्लॅबमध्ये शिरलं ते वरच्या उजव्या कोपऱ्यातून, लेबलच्या बाजूने. ठिपका आहे खालच्या टोकाला. व्हिडिओ कुठेही तोडलेला नाही, सुरुवातीपासून कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, जाईपर्यंत सलग आहे.

मग अर्धा पॉइंट गेला कुठे? ग्रेड हे एका कंपनीच्या माणसांनी, त्या कंपनीच्या पट्टीने दिलेलं मत असतं. दुसऱ्या कंपनीची पट्टी वेगळी, बघणारे डोळे वेगळे. एकाच कार्डाला दोन ठिकाणी अर्ध्या-एका पॉइंटचा फरक पडणं या छंदात नेहमीचं आहे, आणि तो वरच्याच दिशेने पडेल असं कुणी सांगू शकत नाही. स्लॅब फुटला की आधीची ग्रेड संपते, ती पुन्हा मागता येत नाही. म्हणूनच स्लॅब फोडायच्या संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, ‘काढायचंच आहे ना?’

आता दोन मिनिटांचं बघू. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दुकानात रोज कुणीतरी विचारतंच.

तुम्ही पाठवलेला यूट्यूबचा व्हिडिओ पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबचा आहे, बेकेटच्या नाही. स्लॅबचे दोन भाग चिकटवलेले नसतात. अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने, म्हणजे अतिवेगाच्या कंपनांनी, त्यांच्या कडा वितळवून एकजीव केलेल्या असतात. त्यामुळे गोंद सुटतो तसा हा जोड सुटत नाही, तो तोडावाच लागतो. पीएसएमध्ये कार्ड थेट दोन भागांमधल्या खाचेत बसतं. वरच्या कोपऱ्याचा तुकडा निप्परने (कापायच्या पकडीने) उडवायचा, फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालायचा आणि ढकलायचं नाही, फिरवायचं. कड कडकड आवाज करत उघडते. पण हत्यार लेबलच्या पट्ट्याखाली सरकलं की पुढे थेट कार्डाची कड असते, मध्ये दुसरं काहीच नाही. एसजीसी या आणखी एका ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये कार्ड काळ्या चौकटीत घट्ट बसवलेलं असतं. ते समोरून नखाने उचकटलं की कोपरा गेलाच समजा, मागून हलका दाब द्यावा लागतो.

बेकेटची केस या दोन्हींपेक्षा जाड. आत कार्ड आणखी एका पातळ बंद स्लीव्हमध्ये असतं. ती स्लीव्ह कार्डाला वाचवते, पण जाड प्लास्टिक उघडताना ताकद जास्त लागते आणि ते एकदम फुटतं. म्हणून आम्ही आधी समोरून आणि मागून, कार्डाच्या भागावर, सहज निघणारी कागदी टेप लावतो. केस फुटली तर चिरा टेपखालीच राहतात, चुरा आत उडत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. मधोमध दाब कधीच द्यायचा नाही, कारण दोन्ही भाग वाकून आतल्या कार्डावर टेकतात. केस उघडली की आतली स्लीव्ह बाहेर काढून ब्लोअरने चुरा उडवायचा. मग स्लीव्हची कड कार्डापासून लांबच्या बाजूने कात्रीने कापायची, दोन पदर वेगळे करायचे आणि कार्ड कडांना धरून उचलायचं. स्लीव्हमधून ओढून काढलं तर होलोवर उभी रेघ उठू शकते, आणि बेस सेटचा होलो भाग फार नाजूक असतो. तुमच्या कार्डाच्या आमच्या व्हिडिओत हे सगळं दिसतं, फक्त ते दोन मिनिटांत बसत नाही.

घरी प्रयोग करणाऱ्यांनाही सांगतो, कारण ‘फ्रीजरमध्ये ठेवलं की सहज फुटतं’ हे बरेच जण विचारतात. प्लास्टिक ठिसूळ होतं हे खरं. पण थंड स्लॅब आपल्या दमट हवेत बाहेर आला की त्यावर पाणी जमतं आणि ते पाणी फटीतून कार्डापर्यंत पोचतं. हेअर ड्रायरने वेल्ड सुटत नाही, कार्ड मात्र तापून वाकतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन प्लास्टिकही खातं आणि कार्डावरची छपाईही. हातोडी आणि ग्राइंडर यांचं नावही काढू नका. ग्राइंडरचा बारीक भुसा कार्डावर बसतो आणि पुसायला गेलं की तोच ओरखडे काढतो.

आणि तो एक दिवस. तुम्ही आलात तेव्हा ठाण्यात धो धो पाऊस होता. स्लॅब तुमच्या बॅगेत होता आणि बॅग भिजलेली होती. होलो कार्डात एका बाजूला धातूसारखा चकचकीत थर आणि त्याखाली कागद. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, तो थर फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. स्लॅब काही हवाबंद नसतो, पण आतल्या हवेची उलाढाल हळू चालते. बाहेर काढलं की कार्ड थेट खोलीच्या हवेत येतं. म्हणून पावसाळ्यात आम्ही ओला स्लॅब लगेच उघडत नाही. रात्रभर एसीच्या खोलीत सिलिका जेलच्या डब्याजवळ ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दमटपणाचा काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा उघडतो. तुमचं कार्ड परत घेताना सपाट होतं, ते तुम्ही काउंटरच्या काचेवर ठेवून स्वतः बघितलंत. पाचशे रुपये या सगळ्याचे आहेत: फोटो, व्हिडिओ, टेप, नवी पेनी स्लीव्ह, सेमी-रिजिड होल्डर (जरा कडक प्लास्टिकचं पाकीट) आणि वेळ.

केस आणि लेबल याबाबत मात्र मी कुणाच्याच बाबतीत तडजोड करणार नाही. अस्सल कंपनीची रिकामी केस आणि अस्सल लेबल एकत्र बाजारात गेले की काय होतं हे या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात कमी दर्जाचं, कधी चक्क नकली कार्ड घालतात, कडा चिकटवतात आणि एखाद्या ग्रुपवर चांगल्या ग्रेडच्या भावात विकतात. घेणारा लेबलचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकतो, नंबर खरा निघतो, आणि बिचारा पैसे देऊन मोकळा होतो. बऱ्याचदा तो शाळा-कॉलेजातला मुलगा असतो, पहिला मोठा स्लॅब घेणारा. कार्ड स्लॅबमधून निघालं हे कंपनीला कुणी कळवल्याशिवाय कळत नाही, नोंद तशीच राहते. म्हणून केसचे तुकडे आम्ही फेकून देतो आणि लेबलचा कोपरा कापून ते मालकाला देतो. कापलेलं लेबल कंपनीला परत पाठवून नोंद काढून टाकायला सांगता येतं. तुमचं लेबल कार्डाच्याच पाकिटात, मागच्या कप्प्यात आहे. ते जरूर पाठवा, पत्ता आणि पद्धत मी लिहून देतो.

पाचशे रुपये परत मागितलेत, त्याबद्दल स्पष्ट सांगतो: ते मी परत करणार नाही. काम ठरल्याप्रमाणे झालेलं आहे. पण तुम्ही कार्ड घेऊन आलात तर लूपखाली (भिंगाखाली) धरून, दोन्ही फोटो शेजारी ठेवून आपण एकत्र बघू. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर रिव्ह्यू तसाच ठेवा, मी तक्रार करणार नाही.

तुमच्याकडे बेकेटचा आणखी एक स्लॅब आहे असं तेव्हा म्हणाला होतात, व्हीनसॉरचा. तो घरी फोडू नका आणि आमच्याकडेही फोडायला आणू नका. पीएसएसह काही कंपन्यांकडे क्रॉसओव्हरची, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमधलं कार्ड आपल्या ग्रेडमध्ये घेण्याची, सोय आहे: स्लॅब न फोडता तसाच पाठवायचा आणि कमीत कमी किती ग्रेड हवी ते फॉर्मवर लिहायचं. तेवढी मिळत नसेल तर ते स्लॅब उघडत नाहीत, आहे तसा परत पाठवतात. हा पर्याय ब्लास्टॉईजच्या वेळीही मी सांगितला होता. तेव्हा तुम्हाला घाई होती आणि निर्णय तुमचा होता. या वेळी फॉर्म मी भरून देतो, त्याचे पैसे नकोत. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी संध्याकाळी या.