आधी 'नेक्स्ट' दाबा, मग पश्चात्ताप

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसेल अशा अक्षरांत, आणायचाय? फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घ्या. मी गेल्या रविवारी घेतला. सिडकोतल्या आमच्या सोसायटीची पाण्याची नोटीस, मोजून चार ओळी.

पानावर 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं दिसतील. सगळ्यात मोठं दाबा. ते चुकीचंच असतं.

करार वाचू नका. वाचायला बसलात तर सिंहस्थाची पर्वणी हुकेल.

पुढे चौकटींत टिचक्या आधीच मारून ठेवलेल्या असतात, तुमच्या बोटांना त्रास नको म्हणून. 'कस्टम' फक्त जाणकारांसाठी, अशी तंबीही असते. आपण कुठले जाणकार! मी 'शिफारस केलेलं'च घेतलं. कन्व्हर्टरच्या पोटातून तीन पाहुणे उतरले: एक टूलबार, एक संगणक 'फास्ट' करणारा आणि एक कूपनवाला. ब्राउझर उघडला की भलतंच पान. बातमी वाचायला जावं तर ओळीओळीवर जाहिरात. फास्टवाल्याला पाच मिनिटांत शेकडो 'धोके' सापडले. ते घालवायचे तर पैसे भरा म्हणे. अरे, धोका तूच ना! काढायला गेलो तर 'खरंच जाऊ?', 'अजून एक संधी?' असलं लडिवाळ बोलणं. काढलं. संगणक बंद करून चालू केला, कूपनवाला पुन्हा हजर! त्याच्या परवानगीत काय लिहिलं होतं, तर सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. सर्व! म्हणजे बँक, मेल, बायकोच्या रक्त तपासणीचा रिपोर्ट, सगळं. हे मी कधी दिलं? चार ओळींच्या नोटिशीसाठी?

मोबाइलला टॉर्चचं ॲप हवं? लोकेशन द्या. अंधारात तुम्ही कुठं धडपडताय हे जाहिरातवाल्यांना कळायला नको? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये असलंच एक ॲप पकडलं. करार मान्य करायच्या आतच ते लोकेशन बाहेर पाठवत होतं.

नकार द्यायची हौस असेल तर तीही भागवा. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी करार नाकारला तरी संगणकात आपलं सॉफ्टवेअर टाकून मोकळ्या होत.

कायद्याची चिंता नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात उदाहरणच दिलंय: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर मागितले आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तरी ते 'हो' नंबरांना लागू नाही, कारण सल्ल्यासाठी त्यांची गरजच नाही. माहिती मराठीतून वाचायची सोय द्या, असंही त्यात आहे. माझ्या कन्व्हर्टरचा करार? इंग्रजी, आणि अक्षरं मुंगीएवढी. मराठीसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरचा!

पुरे आता. सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुम्ही मारलेली टिचकी म्हणजे माझा होकार नाही. ती चोरी आहे, आणि खिडकीच्या कोपऱ्यात फिकट राखाडी 'नको' लपवताना तुम्हाला ते पक्कं ठाऊक असतं. पैसे हवेत तर सरळ मागा. शंभर सांगा, पटलं तर देऊ. विंडोज नव्याने टाकायला आलेल्या पोरानेसुद्धा आधी विचारलं, "काका, ५०० होतील. फोटोंचं फोल्डर उघडू ना?" एवढी साधी रीत त्याला कळते. तुम्हाला कळत नाही?