बेल्ट दिला होता, मग मालकाचं काय चुकलं?

परांचीवरून कोणी पडलं की व्हॉट्सॲपवर ठरलेला मजकूर फिरतो: “बेल्ट दिला होता, यांनाच लावायचा कंटाळा. जुने गवंडी बिनबेल्टचे चढायचे. आणि दहा फुटांवरून पडून कोण मरतं?”

शेवटचं आधी. दहा फूट म्हणजे तीन मीटर. तेवढ्यावरून पडलेला माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने आदळतो. सावरायला मिळतो पाऊण सेकंद. खाली सळयांची टोकं उभी असली तर बोलायलाच नको.

जुने गवंडी चढायचे, खरंय. जे पडले त्यांचे किस्से सांगायला ते उरले नाहीत.

आता बेल्ट. तो अडकवायचा कशाला? डोक्यावर काहीच नसतं, म्हणून गवंडी हुक लावतो पायाजवळच्या आडव्या बांबूला, तोही सुंभाने बांधलेला. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उसवून मीटरभर, शिवाय लोंबकळणाऱ्या माणसाची उंची आणि त्याच्या पायाखाली राखायचं मीटरभर अंतर. खाली साडेपाच-सहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या माळ्यावर त्याला बेल्टच्या आधी जमीनच गाठते. नुसता कमरपट्टा असेल तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात हार्नेस, म्हणजे खांद्या-मांड्यांनाही आवळणारा पट्टा, मिळतो, पण डोक्यावरून पक्क्या कॉलमला ताणलेली लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, गवंड्याने घरून आणायची का?

मुळात बेल्ट उपयोगी पडतो तो माणूस पडल्यावर. पडू नये यासाठी फळ्या सलग, बांधलेल्या हव्यात. न बांधलेल्या फळीच्या बाहेर आलेल्या टोकावर पाय पडला, की दुसरं टोक उचललं जातं आणि फळीसकट माणूस खाली. कठडा असतो, पण घमेली वर घ्यायला मधला पाइप सोडतात आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. हे बघायचं कोणी? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ४४ व्या कलमात उत्तर होतं: सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याची जबाबदारी मालकाची. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेनेही मालकाला मोकळं सोडलेलं नाही.

राहिला कंटाळा. प्लास्टरचं काम चौरस फुटावर दिलेलं असतं. दर चार पावलांनी हुक काढून पुढे लावण्यात जो वेळ जातो, त्याचा दर कुठल्याच ठेकेदाराच्या बिलात नसतो.